बोट एक, नावं दोन

"आत्या, घाबरायचं काही नाही. काचेवर बोट ठेवायचं, दार आपोआप उघडतं."

"आन न्हाई उघडलं तर?"

"उघडतंच."

मुंबईहून विमान सुटल्यापासून हा आमचा संवाद इतक्यांदा झाला होता, की शेजारच्या गृहस्थांनी शेवटी डोक्यावरून चादर ओढून घेतली. आमच्या मिरजेकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांचा हा पहिला विमानप्रवास. त्यांच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि तो वरच्या कप्प्यात ठेवायला त्या काही केल्या तयार नव्हत्या. मुंबईला तपासणीत तिथल्या पोलीसबाईनं त्यांना डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकवायला सांगितल्या, तर त्यांनी केवढं भांडण काढलं. "हिरवा चुडा हाय, हलवायचा नसतो," म्हणाल्या आणि मागची रांग खोळंबली तरी हटल्या नाहीत. मी नर्स असून चार वर्षांत मलाही त्यांनी कधी डाव्या हाताचं बीपी घेऊ दिलं नव्हतं. प्रत्येक वेळी उजवाच हात पुढं करायच्या.

पण त्या सकाळी मला कशाचाच राग येत नव्हता. आनंदानं नुसती फुलून गेले होते मी. लग्न झाल्यापासून मी त्या आखाती देशात हॉस्पिटलात आणि माझा नवरा विलास मिरजेला, असा आमचा फोनवरचा संसार. आता विलासला तिकडंच एसी दुरुस्तीच्या कंपनीत काम मिळालं होतं. तो महिनाभर आधी जाऊन घर लावून बसला होता. मला सहावा महिना. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून बाळंतपणाला आत्या निघाल्या होत्या आणि त्यांना न्यायला मी सुट्टीवर आले होते. पहिल्यांदाच सगळे एका छताखाली राहणार होतो.

त्यात ही बोटाची नवलाई. त्या देशाच्या आणि आपल्या सरकारनं आपापल्या नागरिकांची माहिती एकमेकांना द्यायचा करार केला होता. इकडच्या यंत्रावर बोट ठेवलं की तिकडची नोंद हजर. विमानतळावरच्या लांबलचक रांगा त्यामुळं संपणार होत्या. ही बातमी मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती, जणू करारावर सही मीच केली होती.

विमानतळावर उतरल्यावर आत्यांना मी पुढं घातलं. त्यांनी पदराला बोट पुसलं, देवाचं नाव घेतलं आणि काचेवर टेकवलं. हिरवा दिवा लागला, दार सरकलं.

"अगं बया, उघडलं की," त्या पलीकडून म्हणाल्या आणि आजूबाजूच्या लोकांकडं बघून हसल्या.

मग मी बोट ठेवलं. लाल दिवा. पदरानं काच पुसली, परत ठेवलं. परत लाल. तिसऱ्यांदा ठेवायच्या आत एक गणवेशातला माणूस माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि अगदी आदबीनं म्हणाला, "आमच्याबरोबर चला." काचेपलीकडं आत्या डबा छातीशी धरून उभ्या होत्या. त्या आपणहून परत फिरल्या आणि त्या माणसाला मराठीतच म्हणाल्या, "ती सून हाय माझी. तिला सोडून मी कुटं जात न्हाई." त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं त्यांनाही आत घेतलं.

खोलीत एक तरुण अधिकारीण बसली होती, कॅप्टन शम्सा. डोक्याला घट्ट रुमाल, चेहरा शांत. इंग्रजी स्वच्छ बोलत होती.

"तुमचं नाव?"

"मंजिरी विलास खाडे."

"मग वत्सला ज्ञानदेव मगदूम कोण?"

खरं सांगते, मला भीती वाटायच्या आधी काहीतरी वेगळंच वाटलं. लग्नाला महिना होतोय तोवर माझे वडील गेले, आणि त्यानंतर ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. माझ्या तोंडून चटकन "ओ" निघून गेलं.

"मीच," मी हसून म्हणाले. "ते माझं माहेरचं नाव."

ती हसली नाही.

"लग्नानंतर बायकांचं घराण्याचं नाव बदलतं, हे मला माहीत आहे. पुष्कळ देशांत बदलतं. पण इथं तुमचं स्वतःचं नाव वेगळं आहे. घराणं वेगळं आहे. आणि वडीलसुद्धा वेगळे आहेत."

"वडील कसे वेगळे असतील?"

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. "वत्सलाचे वडील ज्ञानदेव. मंजिरीचे वडील विलास."

"विलास माझे मिस्टर आहेत."

"हो, तसंही लिहिलंय. पतीच्या जागी विलास आणि वडिलांच्या जागीही विलास." तिनं माझ्याकडं बघितलं. "हा एकच माणूस आहे का?"

माझे कान तापले. आपल्याकडं मधलं नाव आधी बापाचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं. त्यांच्याकडं दुसरं नाव म्हणजे बापच, दुसरं कोण असणार? त्यांच्या यंत्रानं डोळे झाकून माझ्या नवऱ्याला माझा बाप करून टाकलं होतं. मी शक्य तेवढं समजावून सांगितलं. लग्नात तांब्याच्या ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो, मग पेढे वाटतात, सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडं बाई मरेपर्यंत बापाचं नाव लावते. नवरा बदलू शकतो, बाप बदलत नाही. नाव, बाप, घराणं तिन्ही बदलतो तो माणूस कशापासून तरी पळत असतो."



घोळ जुना होता. लग्नाआधी मी त्याच देशात दोन वर्षं नोकरी केली होती, वत्सला मगदूम म्हणून. तेव्हा शाईत बोटं बुडवून कागदावर ठसे घेत. ते कागद आता यंत्रात चढवले होते. त्यांच्या हिशेबानं वत्सला मगदूम देशात आली ती बाहेर पडलीच नव्हती, कारण तेव्हाचा बाहेर जायचा शिक्का यंत्रात कुणी चढवलाच नव्हता. आणि आता तिचीच बोटं घेऊन मंजिरी खाडे नावाची बाई दारात उभी होती.

"नवीन पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर आहे, बघा ना."

"बघितला. तो नंबर कुणाचा, हे तुमच्या देशानं सांगायला हवं. मी विचारणा पाठवते. उत्तर यायला काही आठवडे लागतात. तोवर तुम्हाला आत सोडता येणार नाही. दुपारच्या विमानानं परत जावं लागेल."

"आणि माझी नोकरी?"

"बोट अडवलं की राहण्याचा परवाना रद्द होतो. करारातले बाकीचे देशही ते बघतात." आवाज तिनं मुद्दाम कठोर केला नव्हता.

विलास बाहेर उभा होता. पर्समध्ये त्याचा फोन सारखा थरथरत होता. त्याचा परवाना माझ्या परवान्याच्या आधारानं मिळालेला. माझा गेला की त्याचाही जाणार. नोकरी, घर, तिथं होणारं बाळंतपण, सगळं ह्या एका बोटावर येऊन थांबलं होतं.

"काय म्हणती ही?" आत्यांनी विचारलं.

मी थोडक्यात सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. तेवढ्यात कॅप्टननं त्यांचा पासपोर्ट मागितला, उघडला आणि कपाळाला आठी घातली.

"ह्यांचं नाव वत्सला?"

"हो. वत्सला बाबूराव खाडे. माझ्या सासूबाई."

"तुमचं जुनं नाव वत्सला. ह्याही वत्सला. दोघी एकत्र आलात." तिनं दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "एक नाव तुम्ही दोघींत फिरवता आहात का?"

आता मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण नेमकं तेच झालं होतं, पण ती समजत होती तसं नाही. माझं नाव बदललं ते सासूचं आणि माझं नाव एकच निघालं म्हणून. एका घरात दोन वत्सला कशा नांदणार? आणि मुलगा बायकोला आईच्या नावानं हाक कशी मारणार? बैठकीत पाव्हण्यांनी हसत हसत ठरवलं आणि मी मंजिरी झाले. मला ते नाव कधी अंगाला बसलं नाही. वत्सला हे माझ्या आजीचं नाव, वडील मला वच्छी म्हणायचे. पण लग्नाच्या मांडवात असल्या गोष्टी कोण बोलतं? नाव सोडलं आणि गप्प बसले.

करारात एक सोय होती. शंका आली तर दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी पडद्यावर समोरासमोर बोलायचं. मीच ते कँटीनमध्ये वाचलं होतं. तशी विनंती केली. कॅप्टननं थोडा विचार केला आणि फोन लावला. पडद्यावर आपल्याकडचे एक अधिकारी उगवले, नौटियाल म्हणून. पिकलेल्या मिशा, चष्मा कपाळावर. माझा जीव भांड्यात पडला, आपला माणूस म्हणून.

नौटियालसाहेबांनी माझी नोंद काढली. "मंजिरी खाडे, पासपोर्ट बरोबर आहे. जुन्याची फाईल आमच्या यंत्रात नाही, ती त्यांच्या विभागाच्या ऑफिसात कपाटात असणार."

"बाईचं पहिलं नाव लग्नात बदलतं, असं ह्या म्हणतात. तुमच्या देशात असं असतं का?"

नौटियालसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आडनाव बदलतं, मॅडम. पहिलं नाव? आमच्या पहाडात तरी मी ऐकलेलं नाही."

संपलं. आपल्याच माणसानं मारलं की ते जास्त लागतं. मी खुर्चीत मागं टेकले. पोटातल्या बाळानं एक लाथ मारली, तेवढी एकच आपल्या बाजूची हालचाल त्या खोलीत झाली.

तेवढ्यात डबा टेबलावर आपटल्याचा आवाज आला. आत्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"ओ मॅडम. सुनो. तुमकू हिंदी आता?"

कॅप्टन दचकली. मग हळूच म्हणाली, "थोडा-थोडा. फिल्म देखकर."

"मेरा बाजार का हिंदी हाय. चलेगा." आत्यांनी पदर खोचला. "इसका नाम मैंने बदल्या. इसका कुछ गुना न्हाई. जो पूछना हाय वो मेरेकू पूछो."

"आपने क्यों बदला?"

"मेरा नाम वत्सला, इसका बी नाम वत्सला. लडका बायको को आई के नाम से कैसा बुलायेगा?"

कॅप्टनचं पेन थांबलं. "सिर्फ इसके लिए?"

"ये क्या कम हाय?" आत्या म्हणाल्या. "तुम्हारा मरद तुमको अम्मा का नाम लेके बुलायेगा, तो चलेगा?"

कॅप्टनच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण लगेच विझलं. ती इंग्रजीत मला म्हणाली, "गोष्ट छान आहे. पण मला गोष्टीवर दार उघडता येत नाही. असं सगळ्या बायकांचं होतं, ह्याला काही आधार आहे का?"

मी आत्यांना सांगितलं. "आत्या, त्या पुरावा मागतायत."

आत्यांनी डाव्या मनगटाकडं बघितलं. मग त्यांनी बांगड्या धरल्या आणि एकेक करून कोपराकडं सरकवायला लागल्या. हात सुजलेला होता, बांगड्या अडत होत्या. एक फुटली. त्यांनी तिकडं बघितलंही नाही.

"त्या साहेबाला दिसंल असं धर गं हात," त्या मला म्हणाल्या.

मी हात धरला आणि पाहिलं. मनगटाच्या आतल्या बाजूला हिरवं गोंदण होतं. कातडी सुरकुतली होती आणि अक्षरं पसरली होती, पण वाचता येत होती. चार वर्षं सुट्टीला आले की मी ह्या बाईबरोबर एका ताटात जेवले होते, तिचे केस विंचरले होते, आणि हे मी आज बघत होते. कॅप्टनला ती लिपी येत नव्हती. पण पडद्यावर नौटियालसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुढं झुकून एकेक अक्षर लावलं.

"गो... ज... रा. गोजरा." त्यांनी वर बघितलं. "ये कौन है, माताजी?"

"मैं," आत्या म्हणाल्या.



मग त्या माझ्याकडं वळल्या आणि मराठीत बोलायला लागल्या. "सांग त्यांना. आरगेच्या जत्रंत माझ्या बानं गोंदून घेतलं. खांद्यावर घिऊन हिंडत हुता मला. गर्दी लई. म्हणाला, पोरगी हरवली तर हातावर नाव असावं, कुणीबी वाचून घरी आणून सोडंल. तवा मी चार-पाच वर्साची असंन." त्यांनी गोंदणावरून अंगठा फिरवला. "जत्रंत न्हाई हरवले. लग्नात हरवले. माझ्या थोरल्या जावंचं नाव गोजरा हुतं. एका घरात दोन गोजरा कशा चालतील? सासू म्हणाली, हिचं नाव वत्सला. हातावरचं दिसलं की जाऊ टोचायची, माझं नाव अंगावर मिरवती म्हणून. तवापासनं चुडा भरला तो भरला."

मी भाषांतर करायला लागले, पण मध्येच थांबले. ज्या नावासाठी माझं नाव गेलं ते नाव ह्यांचं नव्हतंच. त्यांच्यावरही ते असंच कुणीतरी घातलं होतं. आणि त्यांनी ते मला कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. पाणी प्यायले आणि उरलेलं सांगितलं.

आत्या मात्र आता थांबायला तयार नव्हत्या. "मॅडम, आता मेरा बी बोट लेव. मशीन बोलता वत्सला, हात बोलता गोजरा. बाप का नाम म्हादू, पासपोर्ट में बाबूराव, वो मेरा मरद. हमारे गाव का सब बायका ऐसाच हाय. घरोघरी मातीच्या चुली. सांग गं तिला, ह्याला हिंदीत काय म्हनत्यात मला म्हाईत न्हाई. पकडने का हाय तो दोनोंको पकडो. तुम्हारा दार मेरे वास्ते खुल्या, इसके वास्ते न्हाई, ये कैसा न्याय?"

कॅप्टन शम्सानं आत्यांचा हात आपल्या हातात घेतला. गोंदणाकडं बघितलं, फुटलेल्या बांगडीनं आलेल्या रक्ताच्या थेंबाकडं बघितलं. ड्रॉवरमधून कागदी रुमाल काढून तिनं तो टिपला.

"मॅडम," पडद्यावरून नौटियालसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "विमान दुपारचं आहे ना? थोडा वेळ द्या मला. विचारणा लेखी नको. मी फोनच लावतो."

तो वेळ कसा गेला ते मला विचारू नका. नौटियालसाहेब पडद्यावर आमच्या देखत फोन फिरवत होते. एका ऑफिसात उचलेनात, दुसऱ्या ठिकाणी साहेब जागेवर नव्हते. आत्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि त्यांना मराठीतच सूचना देत होत्या. "घंटी वाजू द्या, लगीच फोन ठेवू नका. चहाला गेलं आसतील." शेवटी कुणीतरी उचललं. नौटियालसाहेबांनी आवाज मोठा केला आणि त्या परक्या खोलीत आपल्याकडच्या एका बाईचा खणखणीत आवाज घुमला.

"नाव बदललेली फाईल ना, साहेब? आमच्याकडं हे रोजचंच आहे. आत्ता काढते."

आत्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा. मी काय सांगत हुते?"

बाहेर आमच्या परतीच्या विमानाची घोषणा सुरू झाली. कॅप्टननं दाराकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि उठून दार लावून घेतलं. आवाज बंद झाला. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. विलासचा फोन परत थरथरला. आत्यांनी डबा उघडून लाडू पुढं केला. कॅप्टन म्हणाली, ड्यूटीवर चालत नाही. आत्यांनी तो तिच्या कागदांवरच ठेवला.

आणि मग पडद्यावर माझा फोटो आला. दोन वेण्या, डोळे टक्क उघडे, चोविशीतली वत्सला ज्ञानदेव मगदूम. कोपरा कापलेला जुना पासपोर्ट, त्यावर रद्दचा शिक्का, आणि कारण लिहिलेलं: विवाहानंतर नाव बदलल्यामुळं. खाली विवाहाचा दाखला. त्यात वधूचं नाव, वधूच्या वडिलांचं नाव, वराचं नाव, सगळे आपापल्या जागी. माझा बाप माझा बाप होता आणि नवरा नवरा.

कॅप्टननं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"नाक तेच आहे," ती म्हणाली.

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. आत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोटातल्याला सांभाळ गं," म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे वाहत होते.

"आता एक काम उरलं," कॅप्टननं यंत्र पुढं ओढलं. "दोन नोंदी जोडून एक करायची. वडिलांच्या जागी ह्या वेळी वडीलच लिहिते. पण एका बोटाला वर एकच नाव ठेवता येतं. दुसरं खाली, 'या नावानंही ओळख' म्हणून. वर कुठलं ठेवू?"

"पासपोर्ट आम्ही त्याप्रमाणं दुरुस्त करून देऊ," नौटियालसाहेब म्हणाले. "तोवर दोन्ही चालतील. तुम्ही सांगाल ते."

मी सांगेन ते. जन्मल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं तेव्हा माझी जीभ सवयीनंच वळली. "मंजिरीच ठेवा. सगळीकडं तेच..."

"थांब," आत्या म्हणाल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळलं होतं. "वत्सला लिही म्हणावं."

"आत्या, ते तुमचं नाव."

"माझं कुठलं? मला दिल्यालं. तुझ्या बानं तुला ठेवलं, तुझ्या आजीचं. तू मांडवात तोंड पाडून उभी हुतीस, ते काय मला दिसलं न्हवतं? मी बी तशीच उभी हुते. पर म्हटलं, आपलं झालं तसं हिचं हुईल, सवय लागंल." त्यांनी नाक पुसलं. "घे तुझं तुला."

कॅप्टननं मला विचारलं, काय म्हणतात. मी सांगितलं. तिनं वरच्या ओळीत वत्सला लिहिलं, खाली मंजिरी. मग आत्यांकडं वळून तिच्या सिनेमाच्या हिंदीत विचारलं, "और आपका, माँजी?"

आत्या गोंधळल्या. बांगड्या खाली ओढायला त्यांनी हात नेला आणि तसाच राहू दिला.

"मेरा आब क्या," त्या म्हणाल्या. "इतना साल हुआ." मग लाजून, "नीचे लिखो. बारीक अक्षर में चलेगा."

कॅप्टननं लिहिलं. नौटियालसाहेबांनी पडद्यावरून हात जोडले. मी लाडवांकडं बघितलं, तर कागदांवरचा लाडू नव्हता आणि कॅप्टन शम्सा तोंड मिटून हळूहळू चावत होती.

दाराशी परत आलो. ह्या वेळी मी आधी बोट ठेवलं. हिरवा दिवा.

बाहेर विलास कठड्याला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. आम्हाला बघून तो धावतच आला. "झालं काय? किती फोन केले. मंजिरी, तू बरी आहेस ना? बाळ?"

"सगळं बरं हाय," आत्या म्हणाल्या. "पर तिला नीट हाक मार."

"म्हणजे?"

"वत्सला म्हण."

विलासनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. "आई, काहीतरीच काय? तुझं नाव कसं घेऊ मी?"

"माझं नाव गोजरा हाय. ह्या देशाच्या सरकारात लिहून आले मी. म्हण."

बिचाऱ्याला काही कळत नव्हतं. पण आईपुढं त्याचं कधी चाललंय? त्यानं मान खाली घातली, इकडंतिकडं बघितलं आणि पुटपुटला, "वत्सला."

"ओ," आम्ही दोघीही एकदमच म्हणालो.

आत्यांनी जीभ चावली आणि अशा हसल्या, की डब्यातले लाडू हिंदकळले. मीही हसले. विलास बॅगा उचलून गाडीकडं पळाला, घरी गेल्यावर सांगा म्हणाला. आम्ही त्याच्या मागं चालायला लागलो. उन्हाचा नुसता जाळ होता. थोडं चालल्यावर आत्या थांबल्या.

"एक काम करशील माझं?"

"सांगा की."

"तू बी एकदा हाक मार मला."

"मी? आत्या, मी कशी मारू? सून आहे मी तुमची."

"मग कोण मारणार?" त्या म्हणाल्या. "मारणारी माणसं समदी गेली."

आज त्या नाहीत. पासपोर्टवर माझं नाव वत्सला आहे, आणि विलास अजूनही ते नाव घेताना जरा अडखळतो. पण त्या दुपारी मी इकडंतिकडं बघितलं, ओळखीचं कुणी नव्हतं. मी त्यांचा डावा हात धरला आणि म्हणाले, "गोजरा."

त्यांनी डोळे मिटले आणि लहान पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "ओ."